‘रात्रभर वाळू द्या’: पेणच्या पावसात केलेली कागदाची डमी

कागदाची डमी, म्हणजे शिवलेले कपडे बसवून बघायचा अंगाच्या आकाराचा साचा, घरी कशी करायची हे सांगणाऱ्या प्रत्येक कृतीत एक वाक्य असतंच: ‘आता हे रात्रभर वाळू द्या.’ ते वाचलं की अजून माझं डोकं तापतं. गेल्या वर्षी आषाढात, इथे पेणला, मी त्या वाक्यावर भरवसा ठेवला आणि माझी पहिली डमी पाचव्या दिवशी बुरशी येऊन कचऱ्यात गेली. दुसरी टिकली. ती आज मशीनशेजारी उभी आहे आणि तिच्यावर मी नऊ ब्लाउज बसवलेत. ज्यांना अशी डमी करायची आहे त्यांनी चिकटवण्याची फार काळजी करू नये. खरं काम वाळवण्यात आहे.

मी घरीच शिवते, स्वतःचं आणि ओळखीच्या चार बायकांचं. दुसऱ्यांचे ब्लाउज अंगावर घालून, टाचण्या लावून बसवता येतात. स्वतःच्या पाठीला टाचणी कशी लावणार? माझ्या ब्लाउजचा गळा उजव्या खांद्यावरून घसरतो, तो वीस वर्षं घसरतोय. एका टेलरनं मला चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं होतं, ‘तुम्ही वाकून उभ्या राहता, कापडाचा दोष नाही.’ ते मनात राहिलं होतं. बाजारात ३८ छातीची तयार डमी मिळते, पण तिचे दोन्ही खांदे सारखे आणि पाठ सरळ. तिच्यावर बसलेला ब्लाउज माझ्यावर बसेलच असं नाही. मला माझ्याच अंगाचा साचा हवा होता.

कागद कितपत टिकेल अशी शंका सगळ्यांनी काढली. पॅरिसमधलं स्टॉकमन हे १८६७ सालापासूनचं डमी करणारं घराणं आजही कागदाचे थर देऊन डमी घडवतं. कागद कमजोर नसतो, ओला कागद कमजोर असतो. हे मला नंतर कळलं.

अंगावरचा भाग भाचीनं केला. जुना, अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट, खाली कमरेला प्लॅस्टिकची पातळ फिल्म, आणि त्यावर पार्सलला लावतात ती खाकी कागदी पट्टी, जिला मागून सुका डिंक असतो आणि ओल्या स्पंजवरून ओढली की चिकटते. पट्ट्यांचे तीन थर. मोठ्या पट्ट्या पोटावर आणि पाठीवर, छाती आणि मुंढ्याशी, म्हणजे बाही जोडतात तिथे, दोन-दोन इंचांचे तुकडे, नाहीतर सुरकुत्या पडतात. मला पावणेदोन तास उभं राहावं लागलं. गुडघे ताठ ठेवू नका, चक्कर येते. मी मधेच दोनदा साखरपाणी घेतलं. ‘मावशी, हलू नकोस, तुझा खांदा परत वर गेला,’ असं भाची दर पाच मिनिटांनी म्हणायची, आणि ते बरोबर होतं. आरशासमोर उभं राहिलं की माणूस आपोआप ताठ होतो. आरशाकडे पाठ करून उभ्या राहा. आणि ब्लाउजखाली जे घालता तेच आत घाला. हे आधी सांगायला हवं होतं.

साचा पाठीच्या मध्यावरून उभा कापून काढायचा. मेडिकलमध्ये बँडेज कापायची बोथट टोकाची कात्री मिळते, तीच वापरा. कापण्याआधी त्या रेषेवर दर दोन इंचांवर आडव्या खुणा करून घ्या, म्हणजे जोडताना एक बाजू वर, एक खाली होत नाही. कापताना भाचीचा हात थरथरत होता. मी तिला सांगितलं, काश्मीरचे कारागीरही कागदाची वस्तू लाकडी साच्यावरून अशीच कापून काढतात आणि सरसानं परत जोडतात. जोड दिसत नाही.

इथपर्यंत सगळं एका दुपारी झालं. पुढे सव्वा महिना गेला.

खाकी पट्टीचा नुसता साचा हातात घेतला तर लवतो. त्याला बळ द्यायला वर्तमानपत्राचे थर हवेत. पहिल्या वेळी मी पाठ लगेच जोडून टाकली, मान आणि मुंढे पुठ्ठ्यानं बंद केले, कारण पूर्ण झालेली डमी बघायची मला घाई होती. मग मैद्याची दाट खळ शिजवली आणि एका संध्याकाळी बाहेरून तीन थर दिले. हात भरून खळ लावली. जितकी खळ जास्त तितकं पक्कं, असं मला वाटत होतं. हँगरला दोरी बांधून डमी खोलीत टांगली, पंखा लावला आणि झोपले. रात्रभर वाळू दिलं.

सकाळी ती होती तशीच ओली होती. दुसऱ्या दिवशीही. बाहेर धो धो पाऊस, घरातले टॉवेल तीन दिवस वाळत नव्हते, मीठ डब्यात पाझरत होतं, तिथे पंखा तीच दमट हवा फिरवत होता. तिसऱ्या दिवशी वरचा थर हाताला कोरडा लागला आणि मी आनंदानं टेपनं माप घेतलं. छाती सव्वाएकोणचाळीस! माझी अडतीस. तेव्हा हिशेब केला: साच्याची भिंत पाच मिलिमीटर जाड झाली तर घेर सव्वा इंचानं वाढतो. बाहेरून थर देत गेलं की डमी आपल्यापेक्षा जाड होत जाते. शिवाय टांगल्यामुळे दोन्ही खांदे वर ओढले गेले होते, म्हणजे ज्या खांद्यासाठी हा सगळा खटाटोप केला तोच हरवला होता. चौथ्या दिवशी आंबट वास यायला लागला. पाचव्या दिवशी काखेजवळ हिरवट-काळे ठिपके दिसले. मान उघडून आत टॉर्च मारला तर सगळं आतून भरलं होतं. मी रडले. पावणेदोन तास उभं राहणं आणि भाचीची सुट्टी, दोन्ही वाया गेलं होतं.

आमच्या आळीत एक काका आहेत, तीस वर्षं गणपतीच्या कारखान्यात काम करतात. आषाढ म्हणजे त्यांच्या कामाची गर्दी, तरी संध्याकाळी घरी जाताना ते थांबले. डमीवर बोटानं टकटक केलं, आत वाकून वास घेतला आणि म्हणाले, ‘वहिनी, आत वाफ कोंडलीय. तिला जायला वाट कुठे ठेवलीत?’ मी म्हटलं, वरून तर वाळलं होतं. ‘वरचा थर वाळला म्हणूनच आतलं पाणी अडकलं. एक थर द्यायचा, तो पूर्ण वाळला की दुसरा. आम्ही मूर्तीला घाई केली तर मूर्ती तडकते, तुमचा कागद कुजला.’ मला कोणत्याही कृतीत न सापडलेलं उत्तर या माणसानं उंबऱ्यात उभ्या उभ्या दिलं.

दुसऱ्या वेळेसाठी भाचीची वाट बघावी लागली. ती नारळी पौर्णिमेला आली. परत टी-शर्ट, परत पट्ट्या, परत उभं राहणं. या वेळी मात्र मी पाठ जोडली नाही. चार बोटांची फट तशीच ठेवली आणि छाती, कंबर, सीट या तीन ठिकाणी बाहेरून नाड्या बांधल्या. कागद वाळताना कडा आत वळतात, नाड्या आणि फटीत अडकवलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या त्यांना जागेवर धरतात. मान, मुंढे, खालचं तोंड सगळं उघडं. टांगायचं नाही, पालथ्या बादलीवर प्लॅस्टिक घालून त्यावर बसवायचं. आणि कागदाचे थर बाहेरून नाही, आतून. त्यानं बाहेरचं माप बदलत नाही. पण आतला भाग बाहेरच्यापेक्षा वाळायला अवघड, म्हणून मला वारा आणि ऊब दोन्ही आत न्यायचे होते.

ऊब कुठून आणायची? घरचे सगळे दिवे एलईडी, त्यांना ऊब नसते. बाजारात तीन दुकानं फिरून एका जुन्या इलेक्ट्रिकवाल्याकडे ६० वॅटचा तारेचा बल्ब मिळाला. तो तारेच्या जाळीच्या टोपलीखाली ठेवला, म्हणजे कागदाला चुकूनही टेकणार नाही, आणि साच्याच्या तळाशी, सीटच्या रुंद भागात आणला. गरम हवा वर चढते, मानेतून आणि मुंढ्यांतून बाहेर पडते, खालून नवी हवा येते. तासाभरात मानेवर हात धरला तर दमट ऊब लागत होती. पाणी निघत होतं! हा बल्ब मी खोलीत असेन तेवढाच वेळ चालू ठेवला. कागद आहे, आग लागू शकते. रात्री बंद, वीज गेली की बटण बंद. रात्री साच्यात कोरड्या वर्तमानपत्राचे बोळे भरायचे, पावसाळी बुटात भरतो तसे, आणि सकाळी ते ओले झालेले काढून टाकायचे.

वाळलं की नाही हे हातावरून ठरवायचं नाही, हा माझा सगळ्यात महत्त्वाचा धडा. मी प्रवासाच्या बॅगा तोलायचा छोटा काटा काढला आणि वहीत वजनं लिहायला लागले. नुसता साचा ६४० ग्रॅम. आतून पहिला थर दिल्यावर १ किलो १२० ग्रॅम. बोळे भरून एक रात्र गेल्यावर १ किलो ६० ग्रॅम. म्हणजे कृतीतल्या त्या ‘रात्रभरात’ जेमतेम साठ ग्रॅम पाणी गेलं होतं. बल्बच्या पहिल्या दिवसानंतर ९१० ग्रॅम. तिसऱ्या दिवशी ८८० ग्रॅम, चौथ्या दिवशीही ८८० ग्रॅम. वजन दोन दिवस जागचं हललं नाही तेव्हाच दुसरा थर दिला. ज्यांच्याकडे काटा नाही त्यांनी साचा गालाला लावून बघावा. ओल असेल तर गालाला गार लागतं, हाताला लागत नाही. काकांची पद्धत बोटाची: ओला कागद ‘थप’ वाजतो, वाळलेला सुपासारखा वाजतो.

असे तीन थर, प्रत्येकाला चार ते पाच दिवस. मधले तीन दिवस पावसानं उसंत दिली नाही आणि वजन वीस ग्रॅमनं वाढलं, तेव्हा मी बल्ब बंद करून दार लावून घेतलं आणि दोन दिवस त्या खोलीत गेले नाही. कागद हवेतलं पाणी परत पितो. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता.

खळीबद्दल राहिलंच. एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी, गुठळी न होऊ देता शिजवायची, आणि पुस्तक बांधणारे घालतात तसं चिमूटभर मोरचूद. त्यानं बुरशी धरत नाही. पण ते विष आहे. स्वयंपाकाचं भांडं वापरू नका, हातमोजे घाला, पोरं आणि मांजर लांब ठेवा. काका म्हणाले चिंचोक्याची खळ याहून चिवट होते, पण चिंचोके भाजून, सोलून, कुटायला माझ्याकडे धीर उरला नव्हता. पट्टी खळीत बुडवल्यावर दोन बोटांतून निथळून घ्यायची, ठिबकता कामा नये. कागद कात्रीनं कापू नका, फाडा. फाडलेली कड पातळ होते आणि बसून जाते. वर्तमानपत्र एका बाजूनं सरळ फाटतं, दुसऱ्या बाजूनं वाकडंतिकडं. सरळ फाटणारी बाजू शोधून घ्या. आणि एक थर मराठी पेपरचा, पुढचा इंग्रजी पेपरचा द्या, म्हणजे कुठे थर द्यायचा राहिला ते लगेच दिसतं.

गणपती आले नि गेले, त्यानंतर पाठ जोडली. खाकी पट्टीची स्वतःचीही थोडी जाडी असते, म्हणून जोडाच्या दोन्ही कडांवरून पाव-पाव इंचाहून किंचित कमी कापलं. छाती बरोबर अडतीस आली. आतून-बाहेरून सुताराकडून आणलेल्या फ्रेंच पॉलिशचे दोन हात दिले, ओल परत शिरू नये म्हणून. वर होजिअरीचं कापड ताणून शिवलं. रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंटमध्ये पाइप रोवून त्यावर डमी बसवली, कंबर जमिनीपासून माझ्या कंबरेइतक्या उंचीवर. ही उंची साचा अंगावर असतानाच मोजून ठेवा.

मग मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. आपली पाठ मी पहिल्यांदा पाहत होते. उजवा खांदा डाव्यापेक्षा पाऊण इंच खाली होता, आणि मानेखाली पाठ थोडी गोल. मी वाकून उभी राहत नाही. माझी ठेवणच तशी आहे. त्याच संध्याकाळी उजव्या खांद्याची शिवण पाऊण इंच उतरवून, पाठीला गळ्याशी दोन छोटे टक्स घेऊन कच्चा ब्लाउज बसवला. तो घालून दिवसभर कामं केली, हात वर करून माळ्यावरचे डबे काढले. गळा घसरला नाही. तो ब्लाउज काकांच्या घरी नेऊन दाखवला, काकूंनी शिवण उलटून पालटून बघितली आणि स्वतःचं माप घ्यायला सांगितलं.

भाचीला आता तिची डमी हवी आहे. तिला सांगितलंय, थंडी पडू दे, डिसेंबरात ये. बल्ब आणि टोपली जपून ठेवली आहे.

यंदा मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर मला धाकधूक होती. पंधरा दिवस सलग पाऊस झाल्यावर डमी पाइपवरून उतरवून परत काट्याला लावली. पॉलिश आणि कापडासकट गेल्या वर्षी वहीत लिहिलं होतं १ किलो ४६० ग्रॅम. काट्यानं दाखवलं १ किलो ४७० ग्रॅम.