पेटीतला बर्फ

स्मरणिकेसाठी मनोगत पाठव असा निरोप आला आणि मला आधी आठवली ती मुख्याध्यापकांच्या खोलीतली हिरवी लोखंडी पेटी. १९८७ साली खडू-फळा योजना निघाली, त्यात आपल्या शाळेला चित्रांची पुस्तकं मिळाली होती. ती बरेच दिवस कुलपात राहिली. पोरं फाडतील म्हणून.

तिसरीला आलेल्या बाईंनी ते कुलूप काढलं. तोवर चित्रकला म्हणजे दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, शेजारी नारळ, वर मराठी चारच्या आकड्यांचे पक्षी. आमच्या गावाला ना नदी, ना नारळ. बाई गोष्ट वाचता वाचता मध्येच पुस्तक मिटायच्या. "पुढचं पान तुम्ही काढा." खरं पान दुसऱ्या दिवशी दाखवायच्या. कधी कधी आमचंच बरं असायचं!

त्यांचं स्वतःचं एक रशियन पुस्तक होतं, मॉस्कोत छापलेलं, पण मराठी. त्यात पानभर बर्फ. आम्हाला बर्फ ठाऊक तो गोळेवाल्याचा. पांढरा तेलखडू घासून घासून संपवला, कागदावर काही दिसेना. एकानं वडिलांच्या चंचीतला चुना आणून फासला. वाळल्यावर त्याचे पोपडे निघाले. बाईंनी पुस्तक आमच्या नाकाशी धरलं. "यात पांढरा रंग कुठंय, दाखवा." बघतो तर झाडांच्या सावल्या तेवढ्या निळ्या, बाकी नुसता कोरा कागद. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपड्यांची नीळ आणली, वाटीत पातळ कालवली. चिंधीच्या बोळ्यानं आम्ही सावल्या टिपल्या आणि वर्गात बर्फ पडला.

आता मी सोलापुरात ऑफसेट प्रेसवर आहे. चार रंगांच्या छपाईत पांढरी शाई नसतेच, पांढरा म्हणजे कागद. तरी गिऱ्हाईक म्हणतंच, "पांढरा जरा वाढवा की!"

एक कबुली राहिली. बर्फाचं ते पान मी ब्लेडनं कापून घरी नेलं होतं. बाईंना कळलं असणार, पण मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. वर्गाला फक्त म्हणाल्या, "इथलं एक पान गेलंय, तुम्ही काढून द्या." सगळ्यांनी काढलं, मीही काढलं. त्यातलं एक निवडून त्यांनी खळीनं पुस्तकात चिकटवलं.

ते माझं नव्हतं.