लोन पाइनची वीस मिनिटं

इस्तंबूलचे तीन दिवस मशिदी, मांजरं आणि चहात गेले. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला पहिल्या महायुद्धातल्या गॅलिपोलीच्या तुर्की रणभूमीबद्दल लिहायचंय, आणि खरं सांगायचं तर थोडं चिडूनच.

एका दिवसात जाऊन यायची सहल कुणी घेऊ नये. मी घेतली, कारण मुक्कामाचे पैसे वाचवायचे होते. पहाटे मिनीबस, जायलाच पाच तास, वाटेत एजेआबात गावात जेवायला सव्वा तास. सगळ्यांना मासे, मला उकडलेला बटाटा. आणि लोन पाइनला, तिथल्या ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या दफनभूमीला? गाइडने दोन्ही पंजे दोनदा उघडून दाखवले. वीस मिनिटं!

ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो माझा भाचा. मेलबर्नमध्ये जन्मलेला, चौदा पूर्ण. शाळेत त्याने जिम मार्टिन या त्या युद्धातल्या कोवळ्या ऑस्ट्रेलियन सैनिकावर प्रोजेक्ट केलं होतं. जुलैच्या सुट्टीत मी इस्तंबूलला जाणार म्हटल्यावर वहिनीने त्याला माझ्या गळ्यात बांधला.

"आत्या, तो माझ्याएवढाच होता. पण अठरा सांगितलं."

जिमचा जन्म 3 जानेवारी 1901चा. 12 एप्रिल 1915ला तो मेलबर्नमध्ये भरती झाला. आई अमेलिया तयार नव्हती. तेव्हा त्याने धमकी दिली, की तुम्ही नाही म्हणालात तर दुसऱ्या नावाने जाईन आणि एकही पत्र पाठवणार नाही. आईने सही केली. मी त्या बाईला मनातल्या मनात बरंच बोलून घेतलं. मग आठवलं, पासपोर्टच्या फोटोवरून हा भाचा रुसला होता तेव्हा आम्ही चौघांनी मिळून त्याच्यापुढे हात टेकले होते.

2 सप्टेंबरला लेम्नॉस बेटाजवळ त्याच्या जहाजावर, साउथलँडवर, टॉर्पेडो आदळला. पोरगं काही तास पाण्यात होतं. तरी 8 सप्टेंबरला 21व्या बटालियनबरोबर गॅलिपोलीला उतरलं. पुढे खंदक, माश्या, घाण पाणी. घरी लिहिलेल्या पत्रांत त्याची तक्रार एकच: मला तुमचं एकही पत्र मिळालेलं नाही. 25 ऑक्टोबरला टायफॉइडने खंगलेल्या जिमला ग्लेनार्ट कॅसल या इस्पितळी जहाजावर नेलं आणि त्याच संध्याकाळी तो गेला. गॅलिपोलीवर सत्तेचाळीस दिवस. वय चौदा वर्षं नऊ महिने. गोळी लागून नाही, तापाने गेला. दफन समुद्रात, त्यामुळे थडगं नाही. लोन पाइनच्या भिंतीवर नाव आहे, तेवढंच.

तुर्की लोक या टेकाडाला कान्लीसिर्त म्हणतात, रक्ताचं टेकाड. मधोमध एक पाइनचं झाड, गवतात बसक्या दगडांच्या रांगा आणि समोर ती भिंत. थडगी नसलेल्या चार हजार नऊशेहून जास्त जणांची नावं, बटालियनवार. भाचा 21 शोधत पळाला. ऊन असं, की दगडावर हात ठेववत नव्हता. तरी तो बोट फिरवत एकेक ओळ उतरत होता आणि अखेर थांबला. मार्टिन, मग आद्याक्षरं.

"वय कुठंय?" त्याने विचारलं.

खाली गवतातल्या दगडांवर वयं होती, एकवीस, तेवीस, एकोणीस. भिंतीवर नुसती नावं. बघणाऱ्याला काही कळायचं कारणच नाही. तो तिथेच उकिडवा बसला. मी फोटो काढायला मोबाइल उचलला आणि परत खाली घेतला.

तेवढ्यात बसचा हॉर्न. सतरा मिनिटंच झाली होती, मी मोजत होते. गाइडला म्हटलं, थांबा. सहप्रवाशांनी कपाळावर आठ्या चढवल्या. चढवू देत, जेवताना मीही थांबले होतेच की.

बसमध्ये त्याच्या हातात माझा फोन दिला. "आईला लाव."

"आत्या, तिकडे रात्रीचे साडेदहा झालेत. झोपली असेल."

"लाव रे."

अर्ध्या रिंगमध्ये उचलला. स्पीकर चालूच होता.

"जेवलास का?"