ठोका ऐकायचा नाही, बघायचा : शोकेस वही, तिसरा उन्हाळा

आधी कबुली. गेल्या दोन उन्हाळ्यांत मी बेसबॉलची जेवढी पोरं 'वेगवान' म्हणून वहीत लिहिली आणि तुम्हाला छातीठोकपणे सांगितली, त्यातली निम्मी तरी साधारण वेगाची होती. चूक स्टॉपवॉचवरच्या माझ्या अंगठ्याची होती, आणि थोडी कानाची. ती या जुलैत पकडली गेली, म्हणून या वेळची नोंद लांबली आहे.

शोकेस म्हणजे पोरांनी स्काउटांना, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्या माणसांना, खेळ करून दाखवायचा मेळावा. हे दोन दिवसांचं होतं, जॉर्जियातच, अकरावी-बारावीच्या पोरांचं. अटलांटाच्या उत्तरेला राहण्याचा हा फायदा. एमर्सनचं लेकपॉइंट क्रीडासंकुल घरापासून पाऊण तासावर, आणि उन्हाळाभर आजूबाजूला कुठे ना कुठे काहीतरी चालूच असतं. स्पर्धेत निदान कोणीतरी जिंकतं. शोकेसमध्ये तेही नाही. पोरगा शेकडो डॉलर भरून येतो, साठ यार्ड पळतो, लांबून थ्रो मारतो, लाकडी बॅटने आठ-दहा चेंडू ठोकतो, दुपारी मिश्र संघांत चार-पाच वेळा बॅटिंगला येतो आणि घरी जातो. जाळीमागच्या सावलीत बसलेल्या माणसांनी काय लिहिलं ते त्याला कळत नाही. लाकडी बॅटचं महत्त्व वेगळं सांगायला नको. शाळेच्या सामन्यांत धातूची बॅट चालते आणि तिच्यावर चुकीच्या जागी लागलेला चेंडूही बरा जातो. लाकूड तिथल्या तिथे चुगली करतं.

सकाळी साडेआठला साठ यार्ड. १८० फूट, म्हणजे एका बेसपासून पुढच्या बेसपर्यंतच्या अंतराच्या बरोबर दुप्पट. दोघं-दोघं पळतात, लेझर लावलेला असतो, वेळ फलकावर येते. मी सवयीने स्टॉपवॉचही दाबत होतो. सगळ्यात चांगली वेळ ६.५१ सेकंद, बरीच पोरं ६.८ ते ७.१ च्या मध्ये, आणि एक धिप्पाड फर्स्ट बेसमन ७.६ ला हाशहुश करत पोचला. माझं घड्याळ आणि लेझर यांत पाच शतांशांपेक्षा जास्त फरक कुठेच नव्हता. खूश झालो. थर्मासमधला चहा काढला.

गडबड दुपारी झाली. १४ नंबरचा पोरगा, उजव्या हाताने खेळणारा, सकाळी साठ यार्डांना ७.१२ लागले होते. त्याने शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या फिल्डरकडे, एक साधा ग्राउंडर (जमिनीलगतचा चेंडू) मारला आणि पळत सुटला. माझ्या घड्याळात ठोक्यापासून पहिल्या बेसपर्यंत ४.१४. असं होत नाही. ७.१ वाला पोरगा उजव्या बाजूने ४.१४ मध्ये पोचणं म्हणजे शेअर रिक्षाने राजधानी एक्स्प्रेस गाठल्यासारखं.

ज्यांना तक्ता पाठ नाही त्यांच्यासाठी: उजव्या बॅटरला ४.३ सेकंद म्हणजे ५० गुण, म्हणजे मेजर लीगची, इथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगची, सरासरी. डावखुऱ्याला ४.२, कारण तो मुळात पहिल्या बेसच्या जवळ उभा असतो. पुढे साधारण दर दशांशाला दहा गुण वर-खाली. स्काउट मंडळी २० ते ८० या पट्टीवर मोजतात. ती जुन्या काळचे संघचालक ब्रँच रिकी यांच्या नावावर सांगितली जाते. मधे ५०, आणि दहा गुण म्हणजे सरासरीपासून एक प्रमाण विचलन. दहावीला पस्तीसला पास होणाऱ्या आपल्या पिढीला ही पट्टी अंगवळणी पडायला वेळ लागतो. इथे पस्तीसवाला पोरगा नापासच, आणि साठ म्हणजे फर्स्ट क्लास नाही, साठ म्हणजे डोळे विस्फारण्यासारखं. तेव्हा घड्याळात एक दशांश चुकला की अख्खी एक ग्रेड चुकली.

रात्री घरी येऊन व्हिडिओ काढले. फोन सेकंदाला ६० फ्रेम घेतो. बॅट-चेंडूच्या स्पर्शाच्या फ्रेमपासून बूट बेसला लागेपर्यंत फ्रेम मोजायच्या आणि साठाने भागायचं. १४ नंबर: २६२ फ्रेम. ४.३७. माझ्या घड्याळापेक्षा जवळजवळ पाव सेकंद जास्त. आणखी तेरा धावा मोजल्या. माझी वेळ कधी ०.१२ ने कमी, कधी ०.२२ ने. एकदाही उलट्या बाजूला नाही. चूक इतकी शिस्तीत एकाच दिशेला जाते तेव्हा तिला कारण असतंच.

कारण खुर्ची. मी बसतो राइट फिल्डच्या बाजूला, पहिल्या बेसच्याही पुढे, होम प्लेटपासून, म्हणजे बॅटरच्या जागेपासून, साधारण १२० फुटांवर. तिथून बेसवरचं पाऊल मस्त दिसतं. पण घड्याळ सुरू करायचो मी बॅटच्या आवाजावर. आवाज सेकंदाला सव्वाअकराशे फुटांच्या आसपास जातो, म्हणजे 'टक' माझ्या कानापर्यंत येण्यातच एक दशांश गेला. वर अंगठा दाबायला लागणारा वेळ. पाऊल मात्र येताना दिसत असतं, त्यामुळे थांबवताना अंगठा आधीच तयार. सुरुवात उशिरा, शेवट वेळेवर, आणि सगळी पोरं हरणं! सकाळी लेझरशी जमलं ते याचमुळे, तिथे पोरगा हललेला डोळ्यांनीच बघायचा होता.

दुसऱ्या दिवशी खुर्ची उचलून पहिल्या बेसच्या बाजूच्या डगआउटच्या (संघाच्या बाकांच्या) अलीकडच्या टोकाला आणली. आता चेंडू पिचरच्या, म्हणजे टाकणाऱ्याच्या, हातून सुटला की अंगठा सज्ज ठेवतो आणि नजर बॅटच्या पट्ट्यात. ठोका दिसला की दाबायचं. कानात चक्क कापूस घातला होता. शेजारच्या काकूंना वाटलं कान दुखतोय, त्यांनी गोळी देऊ केली.

खुर्चीवरून आणखी एक. उजव्या बॅटरची छाती पहिल्या बेसच्या बाजूला उघडी असते, तेव्हा त्याचे हात, मनगटं, पुढचा गुडघा बघायचा तर तिथेच बसायला हवं. उजव्या पिचरची छाती तिसऱ्या बेसकडे. एका खुर्चीतून दोघंही नीट दिसत नाहीत. मी दोन वर्षं मधेच बसून दोघांनाही अर्धं बघत होतो. आता एक डाव एका बाजूला, एक डाव दुसऱ्या. यात काही पोरं निसटतात. निसटू देत.

पिचर्सबद्दल थोडक्यात, कारण या वेळी माझा उत्साहच थोडा उतरला. पोरगा चेंडू टाकायला लागला की जाळीमागच्या सगळ्या रडार गन एकदम वर जातात, कवायतीसारख्या. १९७० च्या दशकात मिशिगन स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक डॅनी लिटव्हायलर यांनी पोलिसांची वेग मोजायची रडार गन बघून ती बेसबॉलमध्ये आणली, आज खिशात मावणारी मिळते, माझ्याकडेही आहे. पण पोरांना ती दिसते, हीच अडचण. प्रत्येकाला जेमतेम दोन डाव, पंधरा-वीस चेंडू, आणि प्रत्येक चेंडू जणू शेवटचा. ५१ नंबर पहिल्या डावात ताशी ९३ मैलांपर्यंत गेला, दुसऱ्या डावात ८९. मी आता पहिल्या डावाचा आकडा लिहितच नाही. दुसऱ्या डावात, बेसवर पोरगा असताना, थकलेल्या हाताने काय सुटतं ते लिहितो. 'पिच स्मार्ट' या तरुण पिचर्ससाठीच्या मार्गदर्शक नियमांत १७-१८ वर्षांच्या पोराला दिवसाला १०५ चेंडूंची मर्यादा आणि ८१ किंवा जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती आहे. चेंडू मोजता येतात, जोर मोजायला असा तक्ता नाही. कोपराच्या 'टॉमी जॉन' शस्त्रक्रियेचा १९७४ पासूनचा इतिहास आपल्या सगळ्यांना माहीत आहे, पुन्हा उगाळत नाही.

८ नंबरचा कॅचर, म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा, मात्र मजेदार निघाला. चेंडू ग्लव्हमध्ये लागल्यापासून सेकंड बेसवरच्या ग्लव्हमध्ये लागेपर्यंतचा वेळ: सकाळी सरावात १.९३. दोनच्या खाली म्हणजे माना वळतात, तशा वळल्या. दुपारी सामन्यात खरा रनर सेकंड बेस चोरायला पळाला तेव्हा २.०९. सरावात त्याला चेंडू कुठे आणि कधी येणार ते माहीत असतं, तो उठण्याच्या तयारीतच बसलेला असतो. सामन्यात चेंडू बुटापाशी आला. पिचरला चेंडू कॅचरपर्यंत पोचवायला १.३ लागले, कॅचरला २.०९, बेरीज ३.३९, रनर आरामात आत. तरी त्याला मी वर ठेवला आहे, कारण त्याच डावात मातीत आपटलेले तीन चेंडू त्याने छातीने अडवले आणि तिन्ही वेळा उठून पिचरकडे आधी बघितलं, मग चेंडूकडे. याला तक्त्यात रकाना नाही.

आता २७ नंबर, ज्याच्यासाठी ही सगळी नोंद. डावखुरा बॅटर, फिल्डिंगला शॉर्टस्टॉप, किडमिडीत, साठ यार्ड ६.७४. बॅटिंग सरावात एकही चेंडू कुंपणापर्यंत गेला नाही. शेजारचे दोघे स्काउट तेव्हा फोनमध्ये होते. सामन्यांत तो दोन दिवसांत सात वेळा बॅटिंगला आला. मी त्याचे स्ट्राइक झोनमधले, म्हणजे प्लेटवरून गुडघा ते छातीच्या पट्ट्यात आलेल्या चेंडूंवरचे, स्विंग वेगळे मोजले: १३ स्विंग, हुकला फक्त एक. ५१ नंबरच्या ९२ च्या फास्टबॉलवर चार फाउल (रेषेबाहेर) काढून पाचवा लेफ्ट सेंटरला ढकलला. झोनबाहेरच्या ब्रेकिंग बॉलवर, म्हणजे वळणाऱ्या चेंडूवर, बॅट निघाली आणि अर्ध्यात थांबली, दोनदा.

बॅटिंगचा हा रकाना मला अजून जमत नाही. आमचा डोळा क्रिकेटवर पोसलेला. पहिल्या वर्षी मी वर उचलणाऱ्या प्रत्येक स्विंगला नाक मुरडायचो, 'आडव्या बॅटने खेळतोय' म्हणून. मग कळलं की दहा इंच उंच टेकाडावरून चेंडू खाली उतरत येतो, तेव्हा किंचित वर जाणारी बॅट त्याच्या वाटेत जास्त वेळ राहते. दुसऱ्या वर्षी उलटं झालं, उंच आणि लांब मारणारा प्रत्येक पोरगा आवडायला लागला. शिवाय नियम असा की आजची ग्रेड आणि उद्याची ग्रेड वेगळी लिहायची. हायस्कूलच्या चांगल्या बॅटरलाही आज २० किंवा २५ च मिळतात. पुढचा आकडा म्हणजे अठराव्या वर्षी बघून पंचविसाव्या वर्षाचा अंदाज. त्यात भलेभले चुकलेत. २००९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, पुढे मोठा तारा झालेल्या न्यू जर्सीच्या माइक ट्राउटच्या आधी चोवीस जण निवडले गेले. २०११ मध्ये तसाच तारा झालेल्या नॅशव्हिलच्या मुकी बेट्सच्या आधी १७१, आणि त्याच्याही वेळी अंगकाठीची चर्चा होतीच. माझ्या २७ नंबरला बेट्स म्हणत नाहीये, तेवढा वेडा नाही.

पावसाने तासभर थांबवलं तेव्हा छपराखाली २७ चे वडील शेजारी आले आणि हळूच विचारलं, "कोणत्या कॉलेजकडून?" टोपी, वही, घड्याळ बघून गैरसमज झाला होता. मी हौशी म्हटल्यावर बिचारे आधी ओशाळले, मग मोकळे बोलले. ड्राफ्ट २०१९ पर्यंत ४० फेऱ्यांचा होता, २०२१ पासून २०, त्यामुळे त्यांचं सगळं लक्ष कॉलेजच्या शिष्यवृत्तीवर. मग "तुमचा तो रॉकर" म्हणाले. पिचर कुमार रॉकर इथलाच, नॉर्थ ओकोनी हायस्कूलचा, आईकडून भारतीय. २०१८ मध्ये ३८व्या फेरीत निवड होऊनही व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेला आणि २०२२ मध्ये टेक्सासने तिसऱ्या क्रमांकावर घेतला. मी त्यांना फ्लोरिडाच्या अर्जुन निम्मलाचं सांगितलं, २०२३ ला विसावा, टोरोंटोकडे. २००८ मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल भारतातून आले ते भालाफेकीतून, टीव्हीवरच्या स्पर्धेतून. निम्मला मात्र इतर कुठल्याही पोरासारखा शाळेतून, शोकेसच्या रांगेतून वर आला. या खेपेच्या यादीत दोन भारतीय आडनावं होती. नावं लिहीत नाही. कोणाचीच लिहीत नाही, पोरं सतरा वर्षांची आहेत.

मागच्या वहीची दुरुस्ती चालू आहे. ज्यांचे व्हिडिओ आहेत त्यांच्या फ्रेम पुन्हा मोजतोय. साठ आणि त्यावरची ग्रेड दिलेले अकरा होते, आतापर्यंत सात तपासले, दोन टिकले. ऑक्टोबरमध्ये फ्लोरिडात ज्युपिटरच्या स्पर्धेला जायचं तिकीट काढलंय, तिथे गोल्फ कार्टमधून फिरणाऱ्या स्काउटांच्या गर्दीत ही खुर्ची कुठे मांडायची ते बघू.

२७ ची दुसऱ्या दिवशीची एक धाव: माझं घड्याळ ४.१९, फ्रेम २५३, म्हणजे ४.२२. तीन शतांश. वेगाच्या रकान्यात शाईने ५० लिहिलं. त्याच्या बॅटच्या रकान्यात पेन्सिलने ४५ लिहिलं, खोडून ५५ केलं, परत ५० केलं. तिथला कागद आता पातळ झालाय.