आई थांबली की नेट जातं

"मी जरा विचार करत थांबले ना, की हे जातं बघ."

आई चार दिवस हेच सांगत होती. मी मात्र ब्राउझरच्याच मागे लागलो होतो. कॅशे साफ केली, एक्स्टेन्शन्स बंद केली, शेवटी ब्राउझर काढून पुन्हा टाकला. तरी थोड्या वेळाने परत तेच.

आज तिच्या शेजारी नुसता बसून राहिलो. ती मेल लिहीत होती. एका शब्दाशी अडली, कीबोर्डवरचे हात मांडीवर आले. आणि खरंच, नेट गेलं! लगेच ब्राउझर सोडून थेट गूगलच्या ८.८.८.८ या सर्व्हरला पिंग करून, म्हणजे छोटासा संदेश पाठवून पाहिलं, तिथूनही उत्तर नाही. म्हणजे ब्राउझर बिचारा निर्दोष.

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय अडॅप्टरचं, म्हणजे कॉम्प्युटरला वायफायशी जोडणाऱ्या भागाचं, पॉवर मॅनेजमेंट उघडलं. वीज वाचवण्यासाठी अडॅप्टर बंद करायची कॉम्प्युटरला परवानगी होती. काम थांबलं की अडॅप्टर झोपायचा आणि नीट जागा होत नव्हता. ती एक टिक काढली.

नेमकं निदान तिने पहिल्याच दिवशी केलं होतं. मी ते तक्रार म्हणून ऐकलं, याचं फार वाईट वाटतंय.

आत्ता ती पुन्हा एका वाक्याशी अडलीये. हात मांडीवर, नजर खिडकीबाहेर. नेट चालू आहे.