चित्रातलं पाणी किती वाजताचं?

बाणकोटला सावित्रीच्या मुखाशी वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते, पण चार्टवरचे (सागरी नकाशावरचे) खोलीचे आकडे मोजणी झाली त्या वर्षाचेच राहतात. म्हणून आकाश निवळलं की ताजं उपग्रहचित्र चार्टच्या जोडीला ठेवावं. ऑगस्टात मासेमारीची पावसाळी बंदी उठते तेव्हा ढगांमुळे कामाचं चित्र क्वचितच मिळतं. तोवर फिशफाइंडर (आवाजाच्या लहरींनी खोली दाखवणारं यंत्र) आणि तांडेलाची, म्हणजे बोटीच्या प्रमुखाची, नजर.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची चित्रं कोपर्निकस ब्राउझर या वेबसाइटवर फुकट मिळतात. मोफत खातं उघडा, ढगांची मर्यादा १० टक्क्यांवर ठेवा आणि खाडीचं मुख जिओटिफमध्ये (अक्षांश-रेखांश सोबत असलेली चित्राची फाइल) उतरवा. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या एमबीटाइल्स (चित्राचे छोटे चौकोन साठवणारी फाइल) करा, झूम १० ते १४. या चित्राचा एक ठिपका म्हणजे १० मीटर, आणि आपल्या अक्षांशावर झूम १४ चा ठिपका ९ मीटरचा. पुढे गेलात तर फाइल प्रत्येक पायरीला साधारण चौपट फुगते, तपशील मात्र वाढत नाही. फाइल ओपनसीपीएन या बोटीवर चार्ट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चार्टच्या फोल्डरमध्ये टाका. आवृत्ती ५.० किंवा त्यापुढची हवी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा उपग्रह कोकणावरून नेहमी सकाळी ११ ते ११.३० च्या दरम्यान जातो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा हिशोब किनाऱ्यावर सगळ्यांना तोंडपाठ आहे. पौर्णिमेला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे उपग्रह येतो तेव्हा उधाणाची भरती पुरती चढलेली असते आणि वाळू पाण्याखाली. सप्तमीला सव्वापाचला भरती, म्हणून साडेअकराच्या सुमारास ओहोटी. वाळू बघायची तर सप्तमी-अष्टमीचं चित्र घ्या. पण ती भांगाची (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो त्या दिवसांची) ओहोटी, पाणी फार उतरत नाही. उधाणाची खरी ओहोटी संध्याकाळी किंवा पहाटे पाच-साडेपाचला लागते, आणि तेव्हा हा उपग्रह कधीच डोक्यावर नसतो. चित्रात वाळू दिसली नाही म्हणून तिथे पाणी आहे, असं धरून बोट घालणं यामुळेच धोक्याचं आहे.

गढूळ पाण्यात तळ दिसत नाही; तपकिरी रंग उथळपणाचा की नदीच्या गाळाचा, हे एका चित्रावरून सांगता येत नाही. फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ जास्त विश्वासाची. वेगवेगळ्या तारखांच्या तीन-चार चित्रांत ती एकाच जागी असेल, तर तिथे वाळू आहे. बोटीच्या मागचा फेस पुढच्या चित्रात नसतो. उघडी वाळू शोधायला बँड ८ (जवळच्या अवरक्त प्रकाशाचा) लावा: पाणी काळं, वाळू उजळ.

खोलीचा हिशोब चार्टवरूनच करायचा. चार्टवर ०.८ मीटर आणि भरतीच्या तक्त्यात त्या वेळेला २.१, म्हणजे पाणी २.९. बोट १.२ बुडत असेल तर तळाखाली १.७ उरतात. मुखाशी मीटरभराची लाट असली की दोन लाटांमधल्या खोलगटात यातला अर्धा मीटर तरी जातो.

निघण्याआधी बोट धक्क्याला असतानाच पडद्यावर बघा. बोटीची जीपीएस खूण धक्क्याच्या कडेला दिसली पाहिजे. जमिनीवर दिसली तर चित्र किंवा चार्ट सरकलेला आहे, आणि जुना कागदी चार्ट स्कॅन केलेला असेल तर त्याचा डेटम (अक्षांश-रेखांश मोजण्याचा पाया) जीपीएसचा डब्ल्यूजीएस-८४ नसण्याची शक्यता आधी तपासा.

दुसऱ्या बोटीकडून वेपॉइंट (साठवलेल्या जागेचे अक्षांश-रेखांश) घेताना मिनिटं कशी लिहिलीत ते विचारा. १७ अंश ५८.५० मिनिटं आणि १७ अंश ५८ मिनिटं ५० सेकंद, यांत ६०० मीटरहून जास्त अंतर आहे. एवढ्या चुकीने बोट मुखातल्या वाटेऐवजी थेट वाळूवर चढू शकते.