गाभण आहे, पण कितवा महिना?

डॉक्टरबाईंचा डावा हात खांद्यापर्यंत गाईच्या आत होता आणि डोळे मिटलेले. "पाच," त्या म्हणाल्या. मी वहीत नंबरापुढे पाच लिहिलं. खोड्याचं, म्हणजे गाय अडकवून उभी करायच्या चौकटीचं, दार उघडलं, गाय शेण टाकत बाहेर पळाली, पुढची आत आली. "सात. नाही, सव्वासात धरा." पुढची. "दोन." पुढची. "रिकामी."

तपासणी म्हणजे हो किंवा नाही, अशी माझी समजूत. गाभण आणि रिकामी असे दोन रकाने आखून मी बसलो होतो. दुपारी वहीचं पान बघण्यासारखं झालं होतं. 41 जनावरं, त्यातली 5 रिकामी, आणि उरलेल्या 36 मध्ये दोन महिन्यांपासून साडेआठ महिन्यांपर्यंत सगळे आकडे. हातमोजा उलटा करून काढता काढता बाईंनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "वळू वर्षभर कळपातच असतो ना तुमचा?"

असतो. आबांच्या काळापासून असतो. आणि त्यात काही चुकतंय असं तोवर कुणालाच वाटलं नव्हतं.

आमच्या गायी दुधाच्या नाहीत. मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या जातीचा हा कळप आहे. चरायला मोकळा असतो, दूध सगळं वासराच्या पोटात जातं. वर्षभर पोसलेल्या गाईची कमाई म्हणजे एक वासरू. ते झालं नाही तर तिने खाल्लेला चारा नुसता शेणात गेला. तरी वासरं वर्षभर होत राहायची याचं आम्हाला कौतुकच होतं. दर महिन्याला दोन-चार नवी. वाईट काय त्यात?

वाईट काय, ते विकायच्या वेळी दिसायचं. आठ महिन्यांचं दांडगं वासरू आणि तीन महिन्यांचं पिल्लू एकाच कुंपणात. वासरू दिवसाला साधारण 800-900 ग्रॅम वाढतं धरलं, तर एक माज (गाय वळू घ्यायला तयार होते ती वेळ) उशिरा, म्हणजे 21 दिवस मागे जन्मलेलं वासरू त्याच तारखेला 17-19 किलोंनी हलकं भरतं. दोन माज हुकले की दुप्पट. लस, जंतांचं औषध, कानातला बिल्ला, दूध तोडणं, प्रत्येक काम चार-चार वेळा. शिवाय महिना कुठलाही असो, रात्री कुणी ना कुणी विणारी असायचीच. या सगळ्याचा संबंध वळूच्या कुंपणाशी आहे हे मला वहीच्या त्या पानाने शिकवलं.

त्याच दिवशी बाईंनी मला हात घालायला लावला. 17 नंबरची गाय शांत, म्हणून ती निवडली. लांब हातमोजा, भरपूर वंगण, बोटं चोचीसारखी जुळवलेली. आतली ऊब अपेक्षित होती, दाब नव्हता. गुदाशय हातावर असा आवळत होता की दोन मिनिटांत माझी बोटं बधिर. "थांबा, ती ढील देईल तेव्हाच पुढे सरका." थांबलो. मग खाली, आतड्याच्या भिंतीपलीकडे, अर्धवट पाणी भरलेल्या पिशवीसारखं काहीतरी हाताला लागलं, आणि त्या पिशवीवर बटणांसारख्या गाठी. वार गर्भाशयाला जिथे चिकटलेली असते, त्या या गाठी. मग बाईंनी सांगितलं तसा हात बाजूच्या हाडाकडे नेला, तिथे बोटाएवढी जाड रक्तवाहिनी. नुसती नाडी उडत नव्हती, झणझणत होती, पाण्याच्या पाइपात हवा अडकल्यावर हाताला लागते तशी. "ही झणझण लागली की रिकामी असायचा प्रश्नच नाही. ही पाचवा पूर्ण करतेय."

महिने ओळखायची बाईंची मोजपट्टी जुनीच आहे, पशुवैद्यकांच्या पिढ्यांनी वापरलेली. दोन महिन्यांचा गर्भ उंदराएवढा, तीनचा घुशीएवढा, चारचा मांजराच्या पिल्लाएवढा, पाचचा मोठ्या मांजराएवढा. त्यानंतर गर्भाशय वजनाने पोटात खाली उतरतं, हाताला पुरत नाही, आणि अंदाज सैल होत जातो. म्हणून त्या दिवशीच्या माझ्या वहीतले लहान आकडे बरेचसे खरे निघाले, मोठ्यांत महिना इकडे-तिकडे झाला.

हातानेच का, असं भाऊ विचारत होता. सोनोग्राफीत 28-30 दिवसांचा गर्भ आणि त्याचं हलणारं काळीज दिसतं, हाताने तेच कळायला 35 ते 45 दिवस लागतात. रक्ततपासणीही 28 दिवसांनंतर चालते, पण व्यायल्याला अडीच महिने तरी झालेले लागतात, नाहीतर मागच्या गाभणपणाची खूण रक्तात अजून असते आणि रिकामी गाय गाभण दिसते. शिवाय रक्त हो-नाही सांगतं, महिना सांगत नाही. आम्हाला महिनाच हवा होता, आणि बाईंचा हात होता.

मग ठरवायचं होतं, विणं कधी. घरात तीन आठवडे हा एकच विषय.

आबांचं म्हणणं, लवकर विऊ द्या, विक्रीपर्यंत वासरं मोठी होतात. हिशेब चूक नाही. पण मी दुसऱ्या टोकाने मोजत होतो. गाईची भूक वर्षभर सारखी नसते. शेवटच्या तीन महिन्यांत पोटातलं वासरू झपाट्याने वाढतं, आणि व्यायल्यानंतर दोनेक महिन्यांनी दूध सर्वात जास्त असतं, तेव्हा तिला सर्वात जास्त खायला लागतं. त्याच दिवसांत ती परत माजावर यायला हवी. अंगावर मांस नसेल तर येत नाही, शरीर आधी वासराला दूध देतं, पुढच्या वासराचा विचार नंतर. म्हणजे ते दोन महिने कोवळ्या गवताचे असले तर काम फुकटात होतं. वाळल्या चाऱ्याचे असले तर खुराक विकत घालून गाय माजावर आणायची. लवकर जन्मलेल्या वासराचं जादा वजन आपणच पोत्यांनी विकत घेतलेलं असतं, असं मी आबांना म्हणालो. त्यांनी पान थुंकायच्या निमित्ताने विषय बदलला.

शेवटी ठरलं: पहिलं वासरू नवं गवत फुटायच्या तीन आठवडे आधी. कडाक्याची थंडी ओसरलेली, आणि गाय भुकेली होईल तेव्हा पायाखाली हिरवं.

गाईचे दिवस सरासरी 283, म्हणजे नऊ महिने आणि आठ-दहा दिवस. त्यामुळे वळू सोडायची तारीख काढणं सोपं. ज्या तारखेला पहिलं वासरू हवं, तिच्यापुढे तीन महिने मोजायचे, दहा दिवस कमी करायचे, आदल्या वर्षी त्या तारखेला वळू आत. आणि 63 दिवसांनी बाहेर. गाय दर 21 दिवसांनी माजावर येते, म्हणजे प्रत्येकीला तीन संधी. एका माजात दहातल्या सहा फळतात असं धरलं, तर तीन माजांनंतर शंभरातल्या सहा-सात उरतात. याहून जास्त उरल्या तर दोष गाईंत शोधायच्या आधी वळू तपासायचा. वळूचं वीर्य तयार व्हायला साधारण दोन महिने लागतात, आज आजारी पडलेला वळू दोन महिने रिकाम्या उड्या मारू शकतो. आम्ही त्याचीही तपासणी करून घेतली. तो पास झाला, वर एक लाथही देऊन गेला.

कागदावर हे सगळं एका संध्याकाळी झालं. गोठ्यात दोन वर्षं लागली. कारण गाईला वेळापत्रकात मागे ढकलता येतं, पुढे ओढता येत नाही. 365 मधून 283 गेले की राहतात 82 दिवस. त्यात तिने सावरायचं, माजावर यायचं आणि फळायचं. मोठ्या गाईला पहिल्या माजालाच 50-60 दिवस लागतात, पहिलारूला, म्हणजे पहिल्यांदाच व्यायलेलीला, 80 ते 100. दरवर्षी दोन-तीन आठवड्यांपलीकडे कुणी पुढे येणार नाही. उरलेल्यांनी पुढच्या वळूची वाट बघत रिकामं चरायचं. आम्ही मधलं एक वर्ष सहा महिन्यांच्या अंतराने दोन हंगाम ठेवले, मग दुसरा बंद केला. ज्या गायी चार-पाच महिने नुसत्या खात उभ्या होत्या त्यांच्याकडे बघून आबा रोज सकाळी सुस्कारा सोडायचे. कालवडींना वळू तीन आठवडे आधी दिला, म्हणजे त्या आधी व्यातील आणि सावरायला त्यांना जास्त दिवस मिळतील. हे एकच आबांनी स्वतःहून सुचवलं होतं, ते इथे नोंदवतो.

आता माझी चूक. पहिल्या 63 दिवसांच्या हंगामानंतर मला धीर नव्हता. वळू बाहेर काढल्यावर 25 व्या दिवशी मी बाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "घाई करताय. शेवटच्या आठवड्यात फळलेली मला हाताला लागणार नाही. अजून महिनाभर थांबा." मी थांबलो नाही. चारा कमी होता, रिकाम्या लवकर काढायच्या होत्या. चार गायी रिकाम्या निघाल्या, वहीत बाईंनी त्यांच्यापुढे "परत बघणे" असं स्वतःच्या अक्षरात लिहिलं, आणि मी त्यातल्या दोन पुढच्याच आठवड्यात विकल्या. त्यातली एक घेणाऱ्याकडे विऊन पडली. त्याने फोन करून आनंदाने सांगितलं. तारीख मोजली. वळू काढायच्या आधी चारच दिवस फळली होती ती. तेव्हापासून वळू निघाल्यावर दोन महिन्यांनी तपासणी, वासरांचं दूध तोडायच्या दिवशीच, म्हणजे गायी खोड्यात एकदाच घ्याव्या लागतात.

आणि पहिल्या वर्षीच्या त्या पाच रिकाम्या? चार विकल्या. पाचवी म्हातारी, कळपात सगळ्यांत पुढे चालणारी, हाक मारली की फाटकाशी येणारी. तिला ठेवली. पुढच्या हंगामात ती अगदी शेवटच्या माजाला फळली, शेवटी व्यायली, आणि त्यानंतर परत रिकामी. दोन वर्षांत एक वासरू, तेही सगळ्यांत हलकं. तिला विकली त्या दिवशी बाकीचा कळप फाटकाजवळ गोंधळून उभा होता, पुढे कुणी चालायचं हे त्यांना ठरवता येत नव्हतं. ती ठेवायला नको होती हे मला वहीवरून कळतं. पुन्हा तशी वेळ आली तर काय करेन, ते वहीत नाही.

विण्याचा पहिला आटोपशीर हंगाम थकवणारा होता. तीन आठवड्यांत 22 वासरं. आधी वर्षभर पसरलेली रात्रीची जाग एकदम अंगावर आली. कॅनडातल्या मॅनिटोबात गस कोनेफाल नावाच्या पशुपालकाने 1970 च्या दशकात गायींना उशिरा संध्याकाळी चारा घालून बघितला होता आणि त्याच्या बहुतेक गायी दिवसा व्यायल्या होत्या. आम्ही विण्याच्या महिनाभर आधीपासून चारा अंधार पडताना टाकायला लागलो. सगळ्या काही ऐकत नाहीत. पण पहाटे तीनला विजेरी घेऊन जायचं कमी झालं, आणि अडलेली कालवड दिवसाउजेडी सापडली. तिच्या वासराला चीक बाटलीने पाजावा लागला. पहिल्या सहा तासांत गेलेला चीक खरा कामाचा, दिवस उलटला की वासराचं आतडं त्यातली ताकद घेईनासं होतं.

यंदा तपासणीत 43 पैकी 40 गाभण, आकडे दोन ते चारच्या आत. बाई "उंदीर, घूस, घूस, मांजर" म्हणत गेल्या, मी लिहीत गेलो. आबा खोड्याच्या दाराशी बसून बोटांवर तारखा मोजत होते, आणि दोनदा माझ्या आधी बरोबर आले.

17 नंबरला मात्र बाईंचा हात थांबला. "ही जेमतेम दीड महिना. वळू कधी काढला म्हणालात?" वळू काढल्याला 60 दिवस झाले होते.

मग भावाने सांगितलं. एका रात्री वळूने मागचं कुंपण मोडलं होतं. सकाळी तो गायींत सापडला, भावाने हाकलून परत आत घातला आणि मी ओरडेन म्हणून बोलला नाही. त्या रात्रीची तारीख त्याला पक्की आठवत होती. मी ती वहीत 17 पुढे लिहिली, आणि 283 दिवस मोजून तिच्याखाली दुसरी.