दहा मीटरवरून सूर

आज कुस्तीत विनेश फोगटच्या सेमीफायनलला वेळ होता म्हणून टीव्हीवर डायव्हिंग लावलं, पॅरिस ऑलिम्पिकची १० मीटर प्लॅटफॉर्म फायनल, आणि चहा गारढोण होईपर्यंत हललोच नाही. चीनची ती च्वान होंगछान, वय १७, पहिल्याच डाइव्हला सातच्या सात जजनी १० दिले राव, त्या डाइव्हला मिळू शकतात ते पूर्ण ९० पॉइंट!! पाणी उडालंच नाही, नुसतं बुडबुड झालं आणि पोरगी आत. आम्ही विहिरीत मुटका मारायचो तेव्हा काठावरचे कपडे भिजायचे 😂 टोकियो ऑलिम्पिकमध्ये गोल्ड घेतलं तेव्हा ही १४ ची होती. सिल्व्हरपण चीनचंच, छन युशी, ५ पॉइंटसुद्धा मागे नाही, आणि टोकियोतही च्वानच्याच मागे दुसरी. मला तर आता तिचंच वाईट वाटतंय. चला, विनेशची मॅच लागेल आता.